गच्चीवरचं सोलर आणि भर समुद्रातलं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायची चर्चा चालली होती. मध्येच वरच्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, "तू जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर ना? तिथे तर ऊनच ऊन. मग अजून तेल कशाला जाळता रे?"

जहाजावर मला 'बत्ती साब' म्हणतात, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडेच आलं.

एक मध्यम बल्क कॅरियर (कोळसा, धान्य असा सुटा माल वाहणारं जहाज) घ्या: २२९ मीटर लांब, ३२ मीटर रुंद. अख्खं डेक पॅनलांनी झाकलं तरी भर दुपारी फार तर साडेचौदाशे किलोवॉट. मेन इंजिन नऊ-दहा हजार किलोवॉटचं, आणि ते रात्रीही चालतं. शिवाय बंदरात हॅच, म्हणजे मालाच्या कप्प्यांची झाकणं, उघडावी लागतात, वर ग्रॅब, म्हणजे माल उचलणारे क्रेनचे पंजे, आपटतात. गाड्या वाहणाऱ्या जहाजांना सपाट छप्पर असतं, म्हणून २००८ मध्ये जपानच्या 'ऑरिगा लीडर'वर ३२८ पॅनल बसवली. मिळाले ४० किलोवॉट.

पण माझी खरी धास्ती स्विचबोर्डची, म्हणजे जिथून जहाजभर वीज वाटली जाते त्याची. सोसायटीचं सोलर महावितरणच्या भरवशावर चालतं. कमी पडलं तर तिकडून घ्या, उरलं तर तिकडे ढकला. समुद्रात असं कोणी पाठीशी नसतं, तीन-चार जनरेटर म्हणजेच आमचं महावितरण. सोलरने लोड उचलला की जनरेटरवरचा लोड उतरतो, आणि डिझेल इंजिन फार कमी लोडवर तासन्‌तास चालवलं की कार्बन धरतं, टर्बोचार्जर घाण होतो. मग सेकंड इंजिनियर माझ्या नावाने शंख करणार! बरं, म्हणून एकच जनरेटर चालू ठेवला आणि तो ट्रिप झाला, तर सोलरची वीज लाइनला जोडणारा साधा इन्व्हर्टरही त्याच्याबरोबर बंद. (आपल्याकडेही लाइट गेली की गच्चीवरचं सोलर बंदच पडतं. मीटिंगमध्ये हे ऐकून बऱ्याच जणांचे चेहरे उतरले.) अरुंद खाडीत ब्लॅकआउट म्हणजे निदान काही सेकंद स्टीअरिंगही गेलं. त्यामुळे आधी बॅटरी आणि तिला जनरेटरशी जुळवून घेणारी यंत्रणा हवी, पॅनल त्यानंतर.

म्हणून मी वाऱ्याच्या बाजूचा. वारा जहाजाला थेट ढकलतो, माझ्या स्विचबोर्डला फारसा त्रास देत नाही. २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या बल्क कॅरियरवर साडेसदतीस मीटर उंचीची दोन टणक शिडं बसवली आणि दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं. फिरत्या उभ्या नळकांड्यांवर वारा घेऊन जहाज ढकलणारं फ्लेटनर रोटर तर १९२४ पासूनचं. पुढे तेल स्वस्त म्हणून सगळे विसरले. न्हावा शेवाला येणाऱ्या कंटेनर जहाजांवर मात्र हे अवघड. डेकवर डब्यांचे मजले, वर बंदराच्या क्रेन. शीड उभं करणार कुठे?

सोलर शोभतं ते छोट्या पाण्यात. केरळात वैकमला २०१७ पासून ७५ प्रवाशांची 'आदित्य' फेरी धावते, २० किलोवॉटची पॅनल आणि बॅटरीवर. अंतर कमी, वेग बेताचा, रात्री धक्क्यावर चार्जिंग. बेलापूर जेट्टीवरून असं काही सुटलं तर मी पहिलं तिकीट काढीन. पण वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. भाऊच्या धक्क्याला पोचायला निवांत वेळ लागेल, हे लोकलवाल्यांना पटवायचं काम काकांनी घ्यावं.