बरोबर उत्तर खोडलं त्याने

दुसऱ्या बाईंच्या तिसरीच्या वर्गात बसून निरीक्षण वही भरून झाली, तरी एक गोष्ट तिच्यात बसत नाहीये. रकाने पाठाचे आहेत : प्रस्तावना, साहित्य, फलकलेखन, विद्यार्थी प्रतिसाद. मी नुसती एका मुलाच्या बाकापाशी थांबले आणि त्याने बरोबर उत्तर खोडलं, हे कुठे लिहायचं?

४०३ वजा १६८. तिसरीला अडवणारं गणित, कारण मधे शून्य आहे. त्याने शतकाच्या ४ वर तिरकी रेघ मारून वर ३ केला होता, शून्यावर ९, एककाच्या ३ वर १३. खाली २३५. सगळं जागच्या जागी. मी बोलले नाही, वहीला हात लावला नाही. त्याने वर पाहिलं आणि खोडरबर उचलला. आधी २३५ गेले, मग वरचा ९. पेन्सिल दाबून लिहितो, त्यामुळे ९ ची खाच कागदावर राहिली.

ज्यांचं चुकलंय त्यांच्यापाशी जायचं, हेच तर मदत करणं असं आपण धरून चालतो. मुलांनीही ते कधीच ओळखलेलं असतं. बरोबर वहीवरून मोठ्या माणसाची नजर पुढे सरकते आणि चुकलेल्या वहीपाशी पाय थांबतात. म्हणजे मी तोंड उघडण्याआधीच माझ्या थांबण्याने शेरा मारून झालेला असतो. ‘कसं केलंस?’ या साध्या प्रश्नाचंही तेच. तो फक्त चुकलेल्यालाच विचारला जात असेल, तर प्रश्न कानावर पडताच मूल खोडायला घेणार. त्यात त्याचा काय दोष?

वर्गाच्या बाई म्हणाल्या, सवय होईल त्यांना. झालीही असेल काहींना. पण मला ते पटलं नाही. का, ते आत्ता नको.

आणि विचारल्याशिवाय तर चालतच नाही. याच गणिताची चुकीची उत्तरं शेजारी मांडून पाहिली की कळतं. ३६५ आलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय : ८ मधून ३, ६ मधून ०, ४ मधून १. वरची संख्या कोणती, खालची कोणती, हा प्रश्नच त्याच्यापुढे नाही. ३३५ आलं, तर शून्याचे ९ केले, पण ज्या शतकातून ते आले ते ४ तसंच राहिलं. २६५ आलं, तर शतकातून घेतलेलं दशकाला वगळून थेट एककाला दिलं आणि मधल्या शून्याशी पुन्हा उलटी वजाबाकी केली. तिन्हींना ‘हातचा विसरला’ असा एकच शेरा मिळतो, आणि तिघांपैकी एकालाही त्याचा उपयोग नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीच्या अशा चुकांवर लिहिलं, त्यातही हेच दाखवलंय. पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतातच. मूल एक नियम नेमाने पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो.

३३५ वाल्याला काड्या हातात द्याव्यात. शंभराचे चार गठ्ठे आणि सुट्या तीन काड्या. आठ सुट्या काढायच्या तर तीन पुरत नाहीत, आणि दहाचा गठ्ठा एकही नाही. मग शंभराचा एक सोडायचा, दहाचे दहा होतात. त्यातला एक सोडायचा, नऊ उरतात, सुट्या तेरा होतात. आपण सांगतो तो ९ इथे त्याच्या समोर पडलेला असतो, आणि शंभराचे तीनच उरलेत हेही दिसतं. गठ्ठा मात्र त्यानेच सोडायचा. घाईत आपण सोडून दिला, तर नऊ कुठून आले ते आपल्यालाच कळतं, त्याला नाही.

पण काड्यांपर्यंत जाण्याआधी मूल थांबायला हवं ना. ते खोडून मोकळं झालं, तर त्याने कोणता नियम लावला होता हे मला कळायचं कसं?

मागच्या बाकावर बसून आज फार वाईट वाटत होतं. शिक्षक म्हणावं तर वर्ग माझा नाही, पाहुणी म्हणावं तर वही घेऊन मुलांच्या मधून फिरते. जिच्या येण्याने मूल स्वतःवरचा भरवसा सोडतं, तिने मदतीला जावंच कशाला, इथपर्यंत मन गेलं. मग वाटलं, हातात वही घेऊन डोक्यावर उभी राहिलेली ताई मुलांना परीक्षकच वाटणार. त्यावर रुसून काय होणार? वही टेबलावर ठेवता येते. उभं न राहता गुडघ्यावर बसता येतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे, डावखुऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे त्याचा हात मोकळा राहतो आणि आकडे आपल्याला दिसतात. नजर चेहऱ्यावर नको, कागदावर हवी. काही लिहून दाखवायचंच असेल तर आपल्या कच्च्या कागदावर, त्याच्या वहीत आपली पेन्सिल नको.

आणि गप्प राहायचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना दिसलं. तेच ३ सेकंद थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. उत्तर आल्यानंतरचं थांबणंही त्यांनी तितकंच महत्त्वाचं मानलं. ते मला जास्त अवघड वाटतं, कारण ‘छान’ किंवा ‘बघ बरं पुन्हा’ जिभेवर तयारच असतं. ‘बघ बरं पुन्हा’ ऐकून बरोबर उत्तर बदलणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

पण खरं उत्तर ताळ्यात आहे, असं आता लिहिताना वाटतंय. मूल माझ्या चेहऱ्याकडे बघतं, कारण बरोबर-चूक ठरवायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. २३५ मध्ये १६८ मिळवले की ४०३ यायला हवेत. पाच आणि आठ तेरा, तीन मांडले, हातचा एक. तीन आणि सहा नऊ, हातचा धरून दहा, शून्य मांडलं, हातचा एक. दोन आणि एक तीन, हातचा धरून चार. आले ४०३. यात माझी गरजच नाही. ताळा आपण शिकवतो, पण गणित ‘झाल्यावर वेळ उरला तर’, म्हणून तो कुणीच करत नाही. तो गणिताशेजारीच हवा, त्याच ओळीत.

उद्यासाठी तीनच गणितं काढलीत : ३०५ − १४७, ७०४ − ३५८ आणि ६०० − २३४. पान मधोमध दुमडून डावीकडे वजाबाकी, उजवीकडे ताळा. पाच गणितं घेतली तर ताळ्याला वेळ उरणार नाही, म्हणून दोन कमी केली. सहाशेचं शेवटी, त्यात दोन शून्यं आहेत. फिरायला सुरुवात ज्यांचं नेहमी बरोबर येतं त्यांच्यापासून करणार, आणि ‘कसं केलंस?’ आधी त्यांनाच विचारणार. काड्यांचे गठ्ठे अजून बांधायचेत, शंभराचे सात तरी लागतील.