सिंगापूर, मे २०२१
१६ मेपासून इथे परत कोरोनाचे नियम कडक झालेत, हॉटेलात बसून खाणं बंद, दोघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. गेल्या वर्षी ७ एप्रिल ते १ जून सर्किट ब्रेकर, म्हणजे इथला लॉकडाऊन, होता तेव्हाची भीती वेगळी होती. नवऱ्याला दमा, रात्री जरा खोकला तरी मी उठून बसायचे. त्याचा पंप पुण्याहून येणारं कोणीतरी घेऊन यायचं, विमानंच बंद झाल्यावर इथल्या डॉक्टरकडून लिहून घेतला, महाग पडला पण मिळाला.

आता काळजी तिकडची. सासूबाई पॉझिटिव्ह, सासरे एकटेच धावपळ करतायत आणि आम्ही इथून व्हॉट्सॲपवर बेड शोधत बसलोय. भारतातून येणाऱ्या, आमच्यासारख्या पासवाल्यांना (इथे राहायचा परवाना असलेल्यांना) २३ एप्रिलच्या रात्रीपासून इथे बंदी आहे, म्हणजे गेलो तर परत कधी येता येईल, नोकरीचं काय होईल, काहीच सांगता येत नाही, आणि नाही गेलो तर रात्र रात्र झोप नाही. नवरा बोलत नाही फारसा, पण मला कळतं. अडीच तासांचा फरक, आमची सकाळ होते तेव्हा तिकडे पहाट, फोन करावा की झोपू द्यावं? सासूबाई मात्र फोनवर "जेवलात का रे दोघं?" एवढंच विचारतात, ऑक्सिजनचं विचारलं की विषय बदलतात. काल ९४ होता. डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलंय.

पुण्यात कोथरूडमध्ये आजारी माणसासाठी घरपोच डबा देणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, दोन्ही वेळचा हवाय, कमी तिखट.