नोव्हेंबर १९०४ चा मंगळवार

हिंगणघाटकडच्या आमच्या गावच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यातून एक सेफ्टी रेझर निघाला. "इंग्रजाचा हाये जी, गिरणीतल्या सायबाचा," तो म्हणाला. आमच्याकडे जुनी वस्तू निघाली की ती सायबाचीच असते, त्यामुळे ते ऐकून सोडून दिलं. मला तारीख हवी होती.

चिंच लावून पितळ लखलखीत करायचा मोह आवरला. निकेलचा उरलासुरला मुलामा त्यात जातो आणि बारीक अक्षरंही झिजतात. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने मळ काढला, अक्षरांवर खडूची पूड चोळून वरची पुसली आणि टॉर्च आडवा धरला. पांढऱ्या रेघांत जिलेटचं नाव दिसलं. त्याखाली 'पेटंट', 'नोव्हें.', मग १ आणि त्यापुढे घासून गेलेला एक आकडा, शेवटी १९०४.

हा गेलेला आकडा कॅलेंडरने दिला. अमेरिकेत पेटंटं मंगळवारी मंजूर होतात. नोव्हेंबर १९०४ चे मंगळवार १, ८, १५, २२ आणि २९. एकाने सुरू होणारी दोन आकडी तारीख त्यात १५ ही एकच.

मग गूगल पेटंट्सवर ती तारीख टाकून शोधलं. जुन्या कागदांचं स्कॅन इतकं गचाळ की 'रेझर' हा शब्दच मशीनला नीट वाचता येत नाही, म्हणून नुसत्या शब्दावर भिस्त ठेवू नये. कंपनीचे संस्थापक किंग कॅम्प जिलेट यांची ७७५१३४ आणि ७७५१३५ अशी लागोपाठची दोन पेटंटं सापडली. मूळ अर्ज डिसेंबर १९०१ चा, म्हणजे मंजुरीला जवळपास तीन वर्षं लागली. विक्री मात्र १९०३ मध्येच सुरू झाली होती आणि त्या वर्षी खपले ५१ रेझर!

इथे बरेच विक्रेते '१९०४ चा रेझर' लिहून मोकळे होतात. ते मला पटत नाही. तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, आणि तोवर कंपनी तीच तारीख मालावर ठोकत राहिली. म्हणजे ही तारीख सांगते ती अलीकडची नव्हे, पलीकडची हद्द: त्याआधीचा हा नग नाही. दुसरी हद्द शोधायला जिलेटचंच १३ जानेवारी १९२० चं पेटंट पाहिलं (तोही मंगळवारच). त्यावरचा सुधारित रेझर १९२१ मध्ये बाजारात आला. त्यात ब्लेडखालच्या दातांच्या पट्टीला खाच आहे. माझ्या नगाची पट्टी सपाट वळणाची, खाच नाही. पण जुना नमुनाही पुढे स्वस्तात विकला जात होता, म्हणून वहीत लिहिलं: १९०४ नंतरचा, बहुधा १९२१ च्या आसपासपर्यंतचा.

हे ऐकून आमच्या सलूनवाल्याने ड्रॉवरमधून तीन भागांत सुटणारा आपला रेझर काढला. खाली-वर, आतून-बाहेरून पाहिला, एकही अक्षर नाही. पेटंट संपल्यावर अशा नकला कोणालाही करता येत होत्या, म्हणून तो १९२१ नंतरचा असावा, एवढंच मी सांगितलं.

"मंग एवढा टाइम कायले घालवला जी?" म्हणत त्याने आजचं ब्लेड आपल्या रेझरच्या दोन खुंट्यांवर बसवून पाहिलं. ब्लेडच्या मधल्या लांब खाचेमुळे ते अगदी बरोबर बसलं.