गव्हर्नरची बरणी

अमेरिकेत लेकीकडे तीन महिने राहून आलो. नायगारा पाहिला, वॉशिंग्टन पाहिलं, न्यूयॉर्कला पोटऱ्या भरून येईपर्यंत हिंडलो. त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. मला लिहायचंय ते न्यू हेवनमधल्या एका तळघराबद्दल. तिथे मी जेमतेम चाळीस मिनिटं होतो.

आधी माझं सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी गेली. प्रशिक्षणाच्या वेळी तिथल्या कपाटात कुष्ठरोगावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे जुने बांधीव अंक होते. माझं इंग्रजी यथातथाच, पण आत 'लिओनार्ड वूड मेमोरियल' या संस्थेचं नाव सारखं दिसायचं. पांढऱ्या दाढीचा, गरिबांत राहिलेला कोणी मिशनरी डॉक्टर असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. पुढे तीस वर्षं ते तसंच डोक्यात राहिलं.

तर लेक सहज म्हणाली, "बाबा, इथे येल विद्यापीठात माणसांच्या मेंदूंच्या बरण्या ठेवल्यात, बघायचंय?" जावयाला न्यू हेवनचा पिझ्झा खायचा होता, म्हणून तो लगेच तयार. ही, म्हणजे बायको, म्हणाली, "बरण्या तुम्ही बघा, मी बाहेर बसेन." लेकीच्या स्टॅमफर्डहून गाडीने तासाभराचा रस्ता. त्या बरण्यांत कोणाकोणाचे मेंदू आहेत हे मोबाईलवर चाळत होतो आणि एकदम नाव आलं : लिओनार्ड वूड.

मग खिडकीबाहेर समुद्र होता की काय होतं, मला माहीत नाही.

माझे मिशनरी डॉक्टर मिशनरी नव्हतेच. १८६० चा जन्म, १८८४ साली हार्वर्डची डॉक्टरकी, पुढच्याच वर्षी सैन्यात कंत्राटी सर्जन. ॲपाची लोकांचा नेता जेरोनिमो याच्या पाठलागावर गेलेल्या तुकडीबरोबर हे औषधांची पेटी घेऊन गेले आणि वाटेत पायदळाचं नेतृत्वच करू लागले. त्याबद्दल पुढे देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मग राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर. १८९८ च्या क्यूबा युद्धात स्वयंसेवक घोडेस्वारांच्या पलटणीचे कर्नल हे, आणि त्यांच्या हाताखाली दुय्यम कोण, तर थिओडोर रूझवेल्ट! आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर नशीब जोरावर असलं तर जिल्हा आरोग्य अधिकारी होतो. हा गडी १८९९ साली अख्ख्या क्यूबाचा लष्करी गव्हर्नर झाला.

क्यूबापर्यंतचं वाचताना मी खूश होतो. आधी सँटियागो शहर झाडून स्वच्छ केलं. पिवळा ताप डासांमुळे होतो हे हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले वीस वर्षं सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. १९०० साली अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीडनी ते सिद्ध करायला प्रयोग मांडले, त्याला पैसा या गव्हर्नरांनी मंजूर केला. डॉक्टर होते म्हणून चटकन पटलं असणार. प्रयोगासाठी डास चावून घेणाऱ्या स्पॅनिश मजुरांना शंभर डॉलर, ताप आला तर आणखी शंभर. हे वाचून मात्र थोडं अडखळायला झालं.

आणि मग १९०६. फिलिपिन्सच्या दक्षिणेला होलो बेट, तिथला बुद दाहो नावाचा विझलेला ज्वालामुखी. अमेरिकी सत्ता न मानणारे मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम लोक बायकापोरांसकट वर जाऊन राहिले होते. मोरो प्रांताचे गव्हर्नर वूडच. मार्चमध्ये त्यांच्या सैन्याने डोंगर चढून आठशे ते हजार माणसं मारली. अमेरिकेची मेली ती पंधरा-वीस. प्रेतांनी भरलेल्या खंदकाच्या काठावर सैनिक उभे आहेत असा एक फोटो आहे. तो मी गाडीत मोबाईलवर मोठा करून पाहिला. करायला नको होता. राष्ट्राध्यक्ष झालेल्या जुन्या मित्राने, रूझवेल्टने, अभिनंदनाची तार केली होती.

न्यू हेवन आलं. आधी पिझ्झा. दुकानाबाहेर सव्वा तास रांग, वर ऊन. मला अन्नासाठी रांग लावायचा राग आहे, ती पंगतीतली असो की पिझ्झ्याची. शिंपल्यांचा पिझ्झा आला तो खालून करपलेला. जावई म्हणाला, इथे असाच असतो. ही रत्नागिरीची, तिने मन लावून खाल्ला आणि "तिसऱ्या आमच्याकडच्या बऱ्या" एवढं म्हणाली.

हिला म्हटलं, या वूडच्या मेंदूला गाठ होती. सँटियागोत टेबलावरून उठताना डोकं झुंबरावर आपटलं, पुढे डावा पाय बधिर होऊ लागला, झटके येऊ लागले. १९१० साली मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी बाल्टिमोरला गाठ काढली. तेव्हा मेंदूच्या शस्त्रक्रियेतून माणूस वाचणंच नवल, हे वाचले आणि लष्कराचे प्रमुख म्हणून काम पाहू लागले. १९२१ पासून मनिलाला, फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल. तिथल्या कुलियन बेटावर हजारो कुष्ठरुग्ण आणून ठेवले होते, त्यांच्या उपचारांसाठी यांनी डॉक्टर वाढवले, पैसा वाढवला, चौलमुग्राच्या तेलाची इंजेक्शनं जोरात सुरू केली. ही म्हणाली, "चौलमुग्रा म्हणजे?" म्हटलं, तुमच्या कोकणात त्याचा भाऊ आहे, कडू कवठ. "अहो, ते तर मासे मारायला पऱ्ह्यात टाकतात!" त्याच कुलियनमध्ये रुग्णांसाठी वेगळी नाणी पाडली होती, त्यांनी हाताळलेला पैसा बाहेर येऊ नये म्हणून. मला आमच्या एका गावातल्या टपरीवरचा कान तुटलेला कप आठवला. तो एकाच माणसासाठी खिळ्याला टांगलेला असे.

गाठ पुन्हा वाढली. ऑगस्ट १९२७ मध्ये बॉस्टनला कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि काही तासांतच, ७ ऑगस्टला, वूड गेले. मेंदू कुशिंग यांच्या संग्रहात आला. येलमधल्या बरण्या त्याच संग्रहातल्या.

वैद्यकीय ग्रंथालयाच्या पोटात जिना उतरून जायचं. भिंतींवर वरपर्यंत लाकडी फळ्या, त्यावर काचेच्या बरण्या, मागून मंद उजेड. शेकडो. आतलं द्रव लोणच्याच्या तेलासारखं पिवळसर, मेंदू मळकट, काही कापलेले. मी गव्हर्नर शोधू लागलो. एक भिंत झाली, दुसरी झाली. मला काही बरणी ओळखता आली नाही. लेकीला वाटलं मी वैतागणार. मला उलट सुटल्यासारखं वाटलं. समोर आली असती तर हात जोडायचे की पाठ फिरवायची, हे काही ठरलेलं नव्हतं.

थांबलो ते फोटोंपाशी. कुशिंग यांच्या रुग्णांचे काळे-पांढरे फोटो. डोकं भादरलेली माणसं, टाक्यांच्या रेघा, छातीवर पसरून ठेवलेले हात. ते हात पाहिले आणि मी तिथेच. असे फोटो मी काढलेत. "हात पुढे करा, बोटं पसरा, आता अंगठा वर." एक बाई होत्या, बोटं आत वळलेली. कॅमेरा बघून म्हणाल्या, "कोठी लावसान हा फोटू, साहेब?" मी म्हटलं, कुठंच नाही, फायलीत राहील. आणि मी खरंच तसं समजत होतो. दोन वर्षांनी प्रशिक्षणाच्या तक्त्यावर तो फोटो मोठा करून लावलेला मीच पाहिला. डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण त्या गावात त्यांना कोणी हातांवरूनही ओळखलं असतं. मी कोणाला काही बोललो नाही, त्या तक्त्यासमोर उभा राहून शिकवलंसुद्धा. चार वर्षं.

वर आलो तर ही बाकावर चपला काढून बसलेली.

"सापडला का तुमचा गव्हर्नर?"

"नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

गाडीत तिला सांगितलं. बाईंच्या नावासकट सांगितलं. इथे नाव लिहीत नाही.