तीनातले दोन पास

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3,950 मीटरवर सोडतो. समोरच्या मोठ्या उतारावर स्की पेट्रोलची नजर असते. दोरीपलीकडे मात्र ज्याचा तो. माझं गाइडचं काम दोरीपलीकडचं.

त्या फेब्रुवारीत पाच जणांचा ग्रुप होता, त्यातले दोघे पुण्याचे. जोडीला टंगमर्गचे भाईजान. सकाळची बीकनची (बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायच्या यंत्राची) तपासणी वगैरे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की स्कीच्या तळाला चिकटवायच्या स्किन पोटाशी, जॅकेटच्या आत ठेवाव्या लागतात, नाहीतर थंडीत गोंद मरतो आणि चढावर स्की मागे सरकते. हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी त्या सॅकमध्ये टाकतं.

इथली खरी भानगड असते ती तळाशी. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले सगळ्यात कडाक्याचे चाळीस दिवस, लागलं की हवा उणे दहा-पंधरावर जाते, जमीन मात्र शून्याच्या आसपास. बर्फ थोडंच पडलेलं असेल तर त्या पातळ थरातून वाफ वर सरकत राहते आणि कण सुटे, टोकदार होतात. मुठीत दाबले तर गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून गळतात. मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येतो आणि त्यावर पाऊण मीटर ताजं बर्फ टाकून जातो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हतं, पर्यटक हिरमुसून परत जात होते. पुढच्याच महिन्यात, 22 फेब्रुवारीला, इथे हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. आम्ही या दोन बातम्या एकत्र वाचतो. सरकारी इशारा निघतो जिल्ह्याचा, ‘2,500 मीटरच्या वर मध्यम धोका’ असा. आता माझ्यासमोरचा उत्तरेकडचा उतार त्यात कुठे बसवायचा?

उतार मोजायचा क्लिनोमीटर 36 अंश दाखवत होता. म्हणजे नेमका घसरणाऱ्यांतला. भाईजाननी स्कीची काठी उलटी धरली आणि मुठीकडून बर्फात दाबली. हाताला अडत अडत गेली, मग एकदम कोपरापर्यंत आत. “नीचे खाली है,” एवढंच म्हणाले आणि पाण्याची बाटली काढून बसले.

ग्रुपला काठीचं म्हणणं पटेना. मग बाजूच्या छोट्या उतारावर, तोंड त्याच दिशेला बघून, मी खड्डा खणला. खणणं मला मनापासून आवडतं. भिंत फावड्यानं गुळगुळीत तासायची, थर बोटानं चाचपायचे: इथे मूठ जाते, इथे चार बोटं, इथे एकच. मग गाठी मारलेल्या दोरीनं 90 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल असा ठोकळा मागून कापायचा, एका टोकावर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग कितव्या थापेला पडली हे तर बघायचंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ठोकळाभर पळते का.

पहिल्या ठोकळ्यात बाविसाव्या थापेला भेग पडली, पण फावड्याखालीच थांबली. चार-पाच मीटर सरकून दुसरा कापला. तेच. तिसऱ्यात तेराव्या थापेला भेग सर्रकन आरपार गेली आणि अख्खा ठोकळा माझ्या गुडघ्यांवर येऊन बसला.

पुण्याच्या एकानं शांतपणे विचारलं, “सर, तीनातले दोन तर पास झाले ना?”

मीही पस्तीस टक्क्यांना पास करणाऱ्या बोर्डातूनच आलोय, पण इथे ते गणित चालत नाही. खड्डा ‘नको’ म्हणू शकतो, ‘जा’ म्हणणं त्याच्या हातात नसतं. हे मी समजावत होतो तेवढ्यात वरच्या धारेवरून दुसरी चार माणसं आली. थांबणं नाही, विचारणं नाही, एकामागोमाग आरडाओरडा करत त्याच उतारावरून खाली. उतार जागचा हलला नाही. आमच्या ग्रुपनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती कॉलेजात नापास झाल्यावर घरच्यांकडून मिळते.

मी सगळ्यांना झाडांतून, पंचवीस अंशांच्या आतल्या वाटेनं उतरवलं. संध्याकाळी एकानं अर्धे पैसे परत मागितले. दिले नाहीत.

ते चौघे का वाचले याचं उत्तर सोपं आहे. स्लॅब, म्हणजे सुट्या कणांवरचा घट्ट थर, जाड असेल तिथे माणसाचं वजन तळापर्यंत पोचत नाही. खडकाजवळ तो पातळ होतो, तिथे एका स्कीचा भार पुरतो. ते मधून गेले असतील. किंवा उतार खरंच पक्का होता. यातलं काय खरं, ते उतार कधीच सांगत नाही, आणि तेवढ्यावर माझी ना नाही.

डोक्यात राहिलंय ते वेगळंच. दोन ठोकळ्यांत भेग पळाली नाही, तरी मी तिसरा का कापला? काठी आत गेलेली बघितली होती म्हणून. म्हणजे मी विचारत होतो, की हवं ते उत्तर येईपर्यंत कापत होतो? आणि तिसराही दोघांसारखाच निघाला असता, तर चौथा कापला असता का? भाईजानना विचारलं तर हसले. “वो खड्डा तो मेहमानों के लिए था ना?”

पुण्याचा तो गडी या मोसमात पुन्हा येतोय. “सर, या वेळी पाच टेस्ट करू,” असा मेसेज आलाय. भाईजानना अजून दाखवलेला नाही.