परभणीतल्या चहाच्या हॉटेलात सुशीला आणि धपाटे

सकाळी बाहेर नाष्टा करायचा म्हटलं की आपल्याकडं पोहे, समोसा नाहीतर इडली-वडा. उदगीरला माहेरी जा, नांदेडला जा, तेच. ज्या ज्वारीवर मराठवाडा वाढला ती हॉटेलात सापडायची नाही. म्हणून बँकेमागच्या गल्लीत एका चहाच्या हॉटेलाच्या फळ्यावर खडूनं ‘सुशीला, धपाटे’ लिहिलेलं दिसलं, तशी मी स्कूटी तिथंच लावली.

मामा गल्ल्यावर आणि चहावर, काकू आत चुलीपाशी. सुशीला मागितली की काकू मुरमुरे भिजवायला घेतात, आधी करून ठेवत नाहीत. हे मला फार आवडलं. चाळणीत मुरमुरे, वरून पाणी, लगेच हातानं पिळून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. तोवर कढईत मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा, हळद. मुरमुरे पडले की दोनदा हलवून थेट प्लेटमध्ये. जरा वेळ गेला की सुशीला चिवट होते, त्यामुळं गप्पा नंतर.

धपाटे मात्र उभं राहून बघावेत. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, तीळ, कोथिंबीर. पोळपाटावर ओलं फडकं अंथरून काकू गोळा बोटांनी थापतात, मधे भोक पाडतात, फडकं उचलून तव्यावर पालथं घालतात आणि कडेकडेनं अलगद सोडवतात. भोकात तेल सोडलं की ते खालून चुर्र करत कडेपर्यंत पसरतं. सोबत दही आणि शेंगाची चटणी.

“तेल कुठलं, काकू?”

“करडीचं. दुसरं चालत नाही बघा याला, ताई.”

घाण्यावरचं करडीचं तेल आता शोधावं लागतं. माझ्या लहानपणी रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडईची पट्टी असायची; काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे. त्याच काट्यांमुळं काढणीला माणूस मिळेना, तेव्हा लोक हरभऱ्याकडं वळले. इथल्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढलेत, २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारीही दिली. पण ते पीक ताटात जाणार कुठून? माझ्या मते अशा हॉटेलांतूनच. गावाकडनं शिकायला आलेली पोरं खोल्या करून राहतात, त्यांना भाकरी थापून कोण देणार!

गुरुवारी इथं अंबाडीची भाजीही असते. पाला उकडून पाणी काढलेला, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून घोटलेला. वर लसूण तांबूस होईपर्यंत तळलेलं करडीचं तेल. पहिल्या घासाला आंबटपणा गालात जातो, मग लसूण येतो. भाकरीसोबत मी दोनदा मागून घेतली आणि घरच्यांसाठी डबाही भरून घेतला.

आता मी काकूंच्या मागं लागलेय, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी करा म्हणून. त्या म्हणाल्या, “खाणारे आणा की, एका माणसासाठी कुठं पीठ दळू?” परभणीत असाल तर शनिवारी दहाच्या आत या. मी असतेच.