रिकाम्या स्टँडसमोर

‘प्रेक्षकच नसलेल्या मॅचमध्ये बघण्यासारखं काय असतं गं?’ २०२० साली बंद दारांआड चाललेल्या फुटबॉल मॅचेस मी रात्र रात्र जागून बघायचे, तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे आहे. त्या काळातली एखादी मॅच आजही पुन्हा लावली की कुणीतरी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. मी त्या मॅचेस ऐकायला बसायचे.

१६ मे २०२० ला जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग, बुंडेसलीगा, पुन्हा सुरू झाली. डॉर्टमुंड विरुद्ध शाल्क. एरवी ८१ हजार माणसांनी भरणारं ते मैदान. तिथल्या एकट्या दक्षिण स्टँडमध्ये जवळजवळ २५ हजार लोक उभे असतात, त्याला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. त्या दिवशी तिथे नुसत्या पायऱ्या होत्या. अशा मॅचला जर्मनीत ‘गाइस्टरश्पील’ म्हणतात, भुतांचा सामना. डॉर्टमुंड ४-० ने जिंकलं, आणि मॅच संपल्यावर खेळाडू रोजच्यासारखे दक्षिण स्टँडसमोर गेले. एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहिले आणि त्या रिकाम्या पायऱ्यांना त्यांनी अभिवादन केलं. मला रडू आलं. सवयीने गेले असतील असं कुणी म्हणेल, मला तसं वाटत नाही. कुणाला धन्यवाद द्यायचे ते त्यांना नीट ठाऊक होतं.

त्यानंतर मी आवाज वाढवून बसू लागले. बूट चेंडूवर बसतो तो आवाज आखूड पासला वेगळा, लांब फटक्याला वेगळा. चेंडू पोस्टला लागला की कसा खणकतो! आणि माणसं किती बोलतात! गोलकीपर तर नव्वद मिनिटं गप्प बसत नाही. ‘मागे माणूस आहे’, ‘सोड’, ‘वळ’, ‘वेळ आहे तुला’. तेव्हा बायर्न म्युनिककडून खेळणाऱ्या थॉमस म्युलरला ‘रेडिओ म्युलर’ का म्हणतात, ते मला त्या महिन्यांत कळलं. समोरचा खेळाडू ऑफसाइड व्हावा, म्हणजे बचावाच्या ओळीपलीकडे राहून त्याला पास घेता येऊ नये, म्हणून मागचे चौघे एकदम पुढे सरकतात, ते मला वर्षानुवर्षं निव्वळ सरावाचं वाटत होतं. सराव असतोच, पण त्यांतला एक जण ओरडत असतो. इतकी वर्षं मी फुटबॉल बघत होते आणि त्यातला निम्मा खेळ माझ्या कानावरच पडला नव्हता. काही वाहिन्यांनी व्हिडिओ गेममधला गर्दीचा गोंगाट प्रक्षेपणात मिसळला. तो बंद करायची सोय असेल तिथे मी पहिल्यांदा तेच करायचे.

पण साथीमुळे बंद झालेलं मैदान वेगळं आणि शिक्षा म्हणून बंद केलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. १९८० साली माद्रिदमध्ये कास्तीया या रेआल माद्रिदच्या राखीव संघाविरुद्धच्या मॅचला लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या काही पाठीराख्यांनी धुडगूस घातला, म्हणून लंडनमधली परतीची मॅच बंद दारांआड झाली. वेस्ट हॅमने जादा वेळेत ५-१ असा विजय मिळवला, माद्रिदमधली हार भरून काढली, आणि ते बघायला मैदानात होती २६२ माणसं. माद्रिदला कधी गेलेच नव्हते, त्या हजारोंनी काय गुन्हा केला होता? तुर्कस्तानने २०११ मध्ये निराळी वाट काढली. इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबचे पाठीराखे मैदानात घुसले होते. तिथे मैदान रिकामं ठेवण्याऐवजी फक्त बायकांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट सोडलं. ४१ हजारांवर आल्या! शिक्षा द्यायचीच तर अशी द्यावी, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गर्दीचा निकालावर खरंच परिणाम होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. होतो, आणि तो रेफरीवरही होतो. २००७ मध्ये सिसिलीतल्या कातानियात मॅचच्या वेळी दंगल होऊन एक पोलीस अधिकारी मारला गेला. मग इटलीत सुरक्षेचे नियम न पाळणारी मैदानं प्रेक्षकांना बंद झाली. त्या मॅचेसचा दोन स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. स्टँड भरलेले असताना रेफरी यजमान संघाला झुकतं माप देतात, रिकामे असले की तो कल कमी होतो, असं त्यांना आढळलं. मला यात रेफरीची लबाडी दिसत नाही. हजारो गळे एकदम ‘फाउल!’ म्हणून ओरडले तर माणसाच्या डोळ्यांनाही ते दिसू लागत असेल. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात, जवळजवळ सगळ्या मॅचेस रिकाम्या मैदानात झाल्या तेव्हा, पाहुण्या संघांनी १५३ मॅचेस जिंकल्या आणि यजमानांनी १४४. इंग्लंडच्या अव्वल विभागात असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं.

लिव्हरपूलचं तर माझ्या डोळ्यांदेखत झालं. अ‍ॅनफिल्ड या त्यांच्या घरच्या मैदानावर ओळीने लीगच्या ६८ मॅचेस ते हरले नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध २ हजार लोकांना आत सोडलं, लिव्हरपूल ४-० ने जिंकलं. मग दारं पुन्हा बंद झाली. जानेवारीत बर्नलीने त्यांना तिथे हरवलं आणि त्यानंतर घरच्या मैदानावरच्या ओळीने आणखी पाच मॅचेस ते हरले. सगळा दोष मी रिकाम्या स्टँडला देणार नाही. व्हॅन डाइकसारखे मधले बचावपटू जखमी होते. तरी त्या मॅचेसमध्ये मला एक गोष्ट सारखी जाणवायची. शेवटच्या दहा मिनिटांत एका गोलची गरज असताना तिथे जो दबाव चढत जातो, तो चढतच नव्हता. खेळाडू एकमेकांना हाका मारत होते आणि त्या हाका रिकाम्या खुर्च्यांवरून घुमून परत येत होत्या.

२३ मे २०२१ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, अ‍ॅनफिल्डवर १० हजार लोक आले. समोर क्रिस्टल पॅलेस. सादिओ मानेने दोन गोल केले, लिव्हरपूल युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पोचलं. सवयीने मी आवाज वाढवून बसले होते. लिव्हरपूलचा गोलकीपर अ‍ॅलिसन गोलसमोर उभा राहून हात हलवत बचावपटूंना काहीतरी सांगत होता. त्याचा एक शब्दही मला ऐकू आला नाही.